फ्लास्कमधले आप्पा

"आप्पांना हलवायला पाहिजे," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता सारिका म्हणाली. "गाडी खचाखच भरलीय. दारात लोंबकळतायत नुसते."

"मग डबल बेल मार आणि दुसरी गाडी सोड."

"आज नको. आज आई येतेय. अर्धी रिकामी गाडी बघितली तर म्हणेल, लेकीनं बापाला उपाशी ठेवलं."

हे बोलणं बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्यानं आम्हाला दुसऱ्या प्रकारच्या हॉस्पिटलचा पत्ता दिला असता. आमच्या मजल्यावर मात्र कुणी मान वर केली नाही. कॅन्सरवर पीएचडी करणारी माणसं चौथ्या वर्षापर्यंत बरंच काही करायला लागतात. आमच्यातला एक जण उंदरांना सॉरी म्हणायचा. एकीनं सेंट्रिफ्यूजला लिंबू-मिरची बांधली होती, आणि त्यानंतर ते खरंच नीट चालत होतं. त्यामुळे सारिका खिलारे आपल्या पेशींना 'आप्पा' म्हणते, ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिनं लाडानं ठेवलेलं नाव असेल, असं सगळे समजून होते.

ते खरोखरच आप्पा आहेत, हे फक्त मला माहीत होतं.

आप्पा म्हणजे सारिकाचे वडील. विटा डेपोचे कंडक्टर, दत्तात्रय खिलारे. त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा सारिका आमच्या लॅबमध्ये नुकतीच रुळत होती. उपचारांसाठी तिनं त्यांना पुण्याला आणलं. छातीत पाणी साठायचं, ते सुई घालून काढावं लागायचं. काढलेलं पाणी एरवी फेकूनच देतात, पण त्यात कॅन्सरच्या जिवंत पेशी असतात आणि आमच्यासारख्या लोकांना त्या हव्या असतात. डॉक्टरांनी रीतसर परवानगी मागितली तेव्हा मी तिथेच होतो, डबा घेऊन गेलो होतो.

"ह्यात माझं काय काय जातंय?" आप्पांनी सारिकाला विचारलं.

"काही नाही. थोड्या पेशी."

"आणि त्या कुठं उतरणार?"

"आमच्याच लॅबमध्ये. नाव नसतं त्यावर, नुसता नंबर असतो."

"तुझ्याकडं येणार म्हण की." आप्पांनी सही केली. दम लागला म्हणून थोडं थांबले. "मग खिडकीची जागा दे बाई त्यांना. आयुष्यभर उभ्यानं प्रवास केलाय."

त्या सुमारास बऱ्याच पेशंटांचं पाणी आमच्याकडे आलं. सगळ्यांच्या पेशी पंधरवड्यात मरून गेल्या. तगल्या त्या फक्त आप्पांच्या, वाढायला मात्र वेळ लागला. आप्पा स्वतः मात्र तगले नाहीत. विट्याला घरी गेले आणि तिथेच वारले.

दिवस झाल्यावर सारिका परत आली ती थेट पेशी वाढवायच्या कल्चर रूममध्ये गेली. इनक्युबेटरच्या आतल्या काचेला लागून, सगळ्यात पुढे, तिनं त्यांचा फ्लास्क ठेवला. तेव्हापासून तिथे दुसऱ्या कुणी काही ठेवलं तर ती ते मुकाट उचलून मागे सारायची. पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात. तळ भरला की त्यांना सोडवून नव्या फ्लास्कमध्ये घालायचं असतं, नाहीतर त्या घुसमटून मरतात. सारिका ह्याला गाडी बदलणं म्हणायची आणि बदलताना हलक्या आवाजात "पुढं चला, पुढं चला, मागं जागा नाही" असं म्हणायची. रात्री आईला फोन करून सांगायची, "आप्पा आज मस्त वाढलेत." तिकडून काय उत्तर येतं ते मला कधी ऐकू यायचं नाही. सारिका फोन ठेवून हसायची, म्हणून चांगलंच येत असणार असं मी धरून चाललो होतो.

चार वर्षं अशी गेली. थिसिस होत आला. पेपर पाठवला. आणि आई पहिल्यांदाच लॅब बघायला यायला तयार झाली.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तांबोळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या गाईड. बाई हुशार आणि मनानं चांगल्या, पण कुणी रडायला लागलं की त्या समोरच्या भिंतीशी बोलायला लागत.

"बर्वे, दार लाव." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "सारिकाच्या पेशींच्या लाईनचा रिपोर्ट आलाय."

पेपर छापण्याआधी हल्ली एक तपासणी मागतात. तुम्ही ज्या पेशींवर काम केलं म्हणता त्या खरंच त्याच आहेत का, हे डीएनए जुळवून दाखवायचं. पेशंटचं थोडं रक्त राखून ठेवलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघतात. आम्ही ह्याला गमतीनं पत्रिका जुळवणं म्हणायचो.

"जुळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"किती जुळत नाही?"

"काहीच जुळत नाही. हा नमुना पुरुषाचा होता ना?"

"हो. कंडक्टर होते."

"तुला काय माहीत?"

"म्हणजे... असं वाटलं होतं."

मॅडमनी माझ्याकडे जरा बघितलं आणि सोडून दिलं. "रिपोर्टमध्ये बाई आहे. आणि कुठली बाई ते बघ."

मी बघितलं. जगातल्या बहुतेक कॅन्सर लॅबच्या फ्रीजरमध्ये एक जुनी लाईन असते. सत्तरेक वर्षांपूर्वी दूर परदेशात वारलेल्या एका बाईच्या पेशी. त्यांना मरण ठाऊक नाही. एक थेंब उडाला, एक पिपेट चुकून दुसरीकडे बुडालं, तरी त्या शेजारच्या फ्लास्कमध्ये भाडेकरू म्हणून शिरतात आणि थोड्या दिवसांत मूळ मालकाला बाहेर काढून सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावतात. जगभर कित्येक लोकांनी आयुष्यभर दुसऱ्याच कशावर तरी म्हणून ह्या बाईवरच काम केलेलं आहे.

"फ्रीजरमधल्या जुन्या कुप्या?" मी विचारलं.

"सगळ्यात जुनीसुद्धा पाठवली होती. तीपण हीच. सुरुवातीला वाढच नव्हती, त्यामुळे तेव्हाचं काही गोठवून ठेवलेलं नाही. मूळ लाईन संपली, बर्वे. केव्हाच." मॅडम भिंतीशी बोलायला लागल्या होत्या. "थिसिसचे दोन चॅप्टर गेले. वर्षभराची मुदतवाढ मागू. पण तिला तू सांग. तुमची मैत्री आहे."

"आज तिची आई येतेय."

"मग आई गेल्यावर सांग."

मी बाहेर पडलो. मी लॅबमधला विनोदी माणूस होतो. कुणाचं प्रेझेंटेशन फसलं, कुणाचे उंदीर पळाले, कुणाचं लग्न मोडलं की त्याला हसवायला मला पाठवायचे. आणि आता माझ्याकडे आमच्या क्षेत्रातला आजवरचा सगळ्यात भारी विनोद होता: आप्पा बाई निघाले. हा सांगता येईल असा एकही माणूस मला सापडेना.

सारिकाच्या आई, म्हणजे काकू, कँटीनमध्ये बसल्या होत्या. ठेवणीतली साडी, डोक्यावर पदर, समोर निवलेला चहा आणि न हात लावलेला वडा. सारिका शेजारी उभी राहून त्यांना उठवायच्या घाईत होती.

"हा बर्वे," ती म्हणाली. "मी सांगते ना तुला, तो."

"विनोदी ते तुम्हीच व्हय?"

"हो काकू."

"सांगा मग एखादा."

मी काकूंकडे बघितलं. सारिकाकडे बघितलं. "आत्ता आठवत नाहीये," मी म्हणालो.

"हा आणि विसरला!" सारिका म्हणाली. "आई, तू आलीस आणि चमत्कार झाला बघ."

तिला बाजूला घ्यायचा मी दोनदा प्रयत्न केला. एकदा म्हणालो, "सारिका, सेंट्रिफ्यूजचं जरा बघतेस?" तर म्हणाली, "लिंबू बदल." दुसऱ्यांदा म्हणालो, "मॅडमचं एक काम होतं." तर म्हणाली, "मॅडम पळून जाणारेत का? आई संध्याकाळच्या गाडीनं परत निघालीय." मग आम्ही तिघं कल्चर रूमच्या दाराशी आलो. काकूंनी चपला काढल्या. देवळात जाताना काढतात तशा, नीट जोडून, भिंतीकडेला.

सारिकानं त्यांना गाऊन घातला, ग्लोव्ह्ज घातले. इनक्युबेटर उघडून फ्लास्क दोन्ही हातांनी बाहेर काढला, मायक्रोस्कोपखाली ठेवला, फोकस केला.

"ये आई. एक डोळा झाकू नको, दोन्हींनी बघ. गोल-गोल, एकमेकाला चिकटून बसलेत बघ. दिसले?"

काकू वाकल्या. बराच वेळ हलल्या नाहीत. सारिकाचा चेहरा असा झाला होता, जणू मुलीनं पहिल्या पगारातून घेतलेलं काहीतरी आई उघडून बघतेय. मी दारापाशी उभा होतो आणि इनक्युबेटरवरचा तापमानाचा आकडा वाचत होतो. तो सदतीस होता. तो नेहमीच सदतीस असतो.

"आणि ह्ये गुलाबी पाणी कसलं?" काकूंनी वाकूनच विचारलं.

"त्यांचं खाणं. एक दिवसाआड बदलते मी."

"साखर असती का त्यात?"

"असते ना. साखर, मीठ, सगळं असतं."

काकूंनी मान हलवली. मग आयपीसमध्ये बघतच, अगदी शांत आवाजात त्या बोलायला लागल्या.

"हितं बसलायस व्हय रं मेल्या. गुबगुबीत झालायस की. ह्यांना शेवटी पाण्याचा घोट गिळंना, चमच्यानं ओठ भिजवत होते मी. आणि तुला हितं सरबत पाजत्यात."

"आई?" सारिका म्हणाली.

"चांगला धा-बारा वर्षं जगला असता माझा माणूस. काय वाईट केलं होतं तुझं?"

"आई! आप्पा आहेत ते!"

काकू सरळ झाल्या. "आप्पा? तुझ्या आप्पाला जाळलाय मी. ह्यो आप्पा न्हवं. आप्पाला ज्यानं खाल्लं, त्यो ह्यो."

सारिकानं हात फ्लास्कवर ठेवला.

"इतकी वर्षं फोन करत्येस पोरी. 'आप्पा मस्त वाढले, आप्पा जोरात हायत.' मी बरं बरं म्हणायची. तेवढंच तुला बरं वाटतंय तर वाटू दे. फोन ठिवला की हुंदका यायचा. अगं, त्यो वाढला की माणूस मरतंय, एवढं तर मला त्या दवाखान्यात बसून बसून कळलं. आणि माझी लेक त्याला खाऊ-पिऊ घालून वाढवतीय. म्हणून आले आज. एकदा त्याचं त्वांड बघायचं होतं." त्यांनी फ्लास्ककडे बोट केलं. "बघितलं. आता मार त्याला. माझ्या म्होरं मार."

कल्चर रूमच्या कोपऱ्यात ब्लीचची बाटली असते. टाकाऊ पेशी त्यात बुडवतात. अर्ध्या मिनिटाचं काम. काकूंना बाटलीबद्दल माहीत नव्हतं, पण सारिकाची नजर तिकडे गेली आणि तिनं पटकन फ्लास्क उचलून छातीशी धरला.

"नाही," ती म्हणाली. "आई, नाही. मला एवढंच उरलंय."

"मला ह्येच नगो झालंय."

"बर्व्या, सांग ना हिला! शास्त्र सांग काहीतरी. त्यांचाच डीएनए आहे ना ह्यात? त्यांचंच आहे ना हे सगळं?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. एक त्याला मारायला निघाली होती, एक त्याला जगवायला, आणि ज्याच्यावरून हे चाललं होतं तो त्या फ्लास्कमध्ये नव्हताच.

"काकू," मी म्हणालो, "हा तो नाही."

"म्हंजे?"

"आज सकाळी रिपोर्ट आला. ह्या पेशी आप्पांच्या छातीतल्या नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या आहेत. लॅबमध्ये कधीतरी, कुठूनतरी एखादा थेंब आत गेला असणार. ह्या दुसऱ्या पेशी फार जोरात वाढतात. त्यांनी सगळी जागा घेतली, सगळं खाणं घेतलं."

"गाजरगवतावानी," काकू म्हणाल्या. "एक रोप येतंय आणि रान खातंय."

"हो, तसंच."

"मग त्यो? ह्यांचा?"

"मेला."

"कशानं?"

"उपासमारीनं. त्याला जागाच मिळाली नाही."

काकू माझ्या जवळ आल्या. "खरं सांगताय? का विनोद हाय?"

"खरं सांगतोय."

"पुरता मेला? थोडासुदिक न्हाई?"

"थोडासुद्धा नाही. कुठेच नाही."

"कुणी मारला म्हणालात?"

"एका बाईनं," मी म्हणालो. "लांबच्या देशातली होती. तीही ह्यानंच गेली. तिच्या पेशी आहेत ह्या."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. त्यांचे खांदे हलत होते. मग पदर खाली आला आणि बघतो तर त्या हसत होत्या. "बाईनं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरास्नी जमलं न्हाई, एवढाल्या सुया टोचून जमलं न्हाई. उपाशी मारला बाईनं. शाबास गं माझी बाई." त्या खाली फरशीवरच बसल्या, भिंतीला टेकून, पाय पसरून. "पाणी द्या हो मला जरा. सकाळपासनं घशाखाली काय उतरलं न्हाई."

माझ्या नोकरीत पुढे मी पुष्कळ लोकांना पुष्कळ रिपोर्ट वाचून दाखवले. एका रिपोर्टनं कुणाला एवढं हलकं केलेलं मी पुन्हा बघितलं नाही.

मी पाण्यासाठी वळलो तेव्हा सारिका दिसली. ती अजून तशीच उभी होती, फ्लास्क छातीशी धरून. फक्त आता ती त्याच्याकडे बघत होती. चुकून दुसऱ्याचं मूल उचलून आणल्यावर माणूस जसं बघेल, तसं.

"कधी?" तिनं विचारलं.

"ते कळत नाही सारिका."

"कळतं." तिनं फ्लास्क हळूच टेबलावर ठेवला. "आधी वर्षभर वाढतच नव्हते. मग एका आठवड्यात एकदम भरभर वाढायला लागले. मी म्हटलं, आप्पांनी मनावर घेतलं." ती थांबली. "मी पेढे वाटले होते रे."

वाटले होते. मी दोन खाल्ले होते.

"म्हणजे माझ्या हाताखाली आप्पा जात होते. रोज बघत होते मी. आणि मला कळलं नाही."

"पोरी," काकू खालून म्हणाल्या. हसू मावळलं होतं. त्यांनी हात पुढे केला. "ये हिकडं. बस जवळ."

सारिका बसली नाही. तिनं ग्लोव्ह्ज काढले, डब्यात टाकले. गाऊन काढून नीट घडी घालून खुंटीला लावला. मग दार उघडून बाहेर गेली.

आमच्या कॉरिडॉरमध्ये छताला एक मोठा शॉवर होता. कुणाच्या अंगावर ॲसिड सांडलं तर साखळी ओढायची आणि खाली उभं राहायचं. इमारत झाल्यापासून तो कुणी वापरलेला नव्हता. त्याच्याखाली पाणी जायला भोकसुद्धा नव्हतं. बांधणाऱ्याला तो फक्त तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायचा होता.

सारिका त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. चष्मा काढून हातात घेतला. साखळी ओढली.

आधी नुसतीच घरघर झाली. मग लालसर पाणी आलं आणि मग एकदम धो धो. त्याबरोबर कुठेतरी घंटा वाजायला लागली. सगळ्या खोल्यांची दारं उघडली. माणसं डोकावली. तांबोळी मॅडम केबिनमधून आल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सारिका कपड्यांसकट, डोळे मिटून, अजिबात आवाज न करता भिजत होती. पाणी कॉरिडॉरभर पसरत माझ्या बुटांपर्यंत आलं.

मी साखळीकडे धावलो. मागून काकूंनी माझा हात धरला. त्या अनवाणी, पाण्यात उभ्या होत्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "अंगावरनं पाणी घिऊ द्या तिला. आप्पा गेले तवा घेतलं न्हवतं तिनं. सगळ्या भावकीनं सांगितलं, पण ऐकली न्हाई. म्हणाली, माझे आप्पा लॅबमदी हायत, मी कशाला घिऊ."

जिन्यावरून सिक्युरिटीचे वाघमोडे धापा टाकत वर आले. हातात वाळूची बादली होती. ती कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

"काय सांडलं? कुणाच्या अंगावर सांडलं?"

"काय सांडलं न्हाई हो," काकू म्हणाल्या. "तिचे वडील गेले."

वाघमोड्यांनी बादली खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढली. "अरेरे," ते म्हणाले. "कधी?"

मी तोंड उघडलं. मला दोन तारखा माहीत होत्या, एक विट्याची, एक पेढ्यांची, आणि दोन्ही चुकीच्या होत्या.

"आत्ता," काकू म्हणाल्या, आणि पदर खोचून लेकीजवळ पाण्याखाली गेल्या.